अर्ध्या वाटेवरची विहीर

माझा धाकटा भाऊ कधी बोलला नाही, की उठून चालला नाही. त्याचं खापर आईनं जन्मभर एका विहिरीवर फोडलं; म्हणजे स्वतःवरच.

निजामाचं राज्य संपत आलं होतं. कोणता रस्ता कधी बंद होईल, भरवसा नव्हता. आमचं गाव चाकूर, आईचं माहेर लोहा. सातव्या महिन्यात ओटी भरून ती बाळंतपणाला निघाली. गाडीत वडील आणि मी. आमच्या घरची रीत अशी, की सासरच्या गाडीनं अर्ध्या वाटेवरच्या विहिरीपर्यंत आणायचं आणि तिथून माहेरच्या गाडीनं न्यायचं. पुढं सोडायला गेलं तर माहेरचा अपमान, ओटी भरलेलीला मागं फिरवलं तर अपशकुन. काय म्हणावं या शहाणपणाला!

मामा आलाच नाही. त्याला लोह्याबाहेरच शिपायांनी अडवलं होतं, हे नंतर कळलं. वडील आपले "येईल की, रस्त्यातच असंल" म्हणत बसून. अजून आठवलं की संताप येतो. विहिरीचे दगड तापले, आईला घेरी आली, तरी बैल जुंपले नाहीत. आईही एकदासुद्धा 'परत चला' म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तिथंच, लिंबाखाली, भाऊ जन्मला. बराच वेळ रडलाच नाही.

पुढं मी डॉक्टर झाले, लातुरात राहिले. आई आणि भाऊ माझ्याकडंच असायचे. म्हातारपणी एकदा त्याला भरवता भरवता तिनं विचारलं, "एवढी शिकलीस, सांग की, ह्याच्या डोक्यात काय झालं?"

मी सांगितलं. पोटातल्या बाळाच्या मेंदूत आतून बारीक धागे निघतात, डोळ्या-कानांचे निरोप वर पोचवायला. वरच्या थरातून दुसरे धागे खाली येतात. अर्ध्या वाटेवर गाठ पडली, की आतले धागे त्यांच्या आधारानं वर चढतात. त्या थराखाली पोचले, तरी लगेच आत शिरत नाहीत, थांबतात. त्याच सुमाराला बाळ बाहेर आलं, श्वास कोंडला, तर ती थांबायची जागाच मरते.

"तसंच झालं असेल. नक्की कुणालाच सांगता येणार नाही, आई."

वाटलं, हे ऐकून तिचं मन हलकं होईल. कसलं काय!

"म्हंजी ते धागेबी वाट बघत बसले?"

"हो."

"अन् त्यांना मागं फिरता येत न्हाई?"

"नाही."

भावाच्या आखडलेल्या बोटांवरून ती हात फिरवत राहिली.

"मला येत व्हतं गं," ती म्हणाली. "मला पाय व्हते."