सदाशिवचा डावा डोळा

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. पुष्कळदा ओठांपर्यंत आलं आणि — गिळलं. आज तुमच्याजवळ बोलतो.

गिरगावात आमचा एक लहानसा क्लब होता. फोर्टातल्या कचेऱ्या सुटल्या की आम्ही मंडळी घोड्यांच्या ट्रामने थेट तिथे. कुणा साहेबाने विलायतेला परतताना विकलेलं बिलियर्डचं टेबल होतं. सदाशिव आणि मी एकाच चाळीत वाढलेले. तो एका इंजिनियरच्या हाताखाली नकाशे काढी. हात स्थिर, नजर त्याहून स्थिर. हा खेळ मला त्यानेच शिकवला.

पंधरा तांबड्या चेंडूंचा त्रिकोण रचायचा आणि पांढऱ्या चेंडूने तो फोडायचा. फोडणं सोपं असतं हो. पण फोडल्यावर पांढरा टेबलाच्या मध्यावर थांबायला हवा, म्हणजे पुढचा फटका हाताशी येतो. माझा पांढरा नेहमी भरकटायचा. सदाशिव कंटाळत नसे. "जोर कमी कर रे. बरोबर मध्यावर मार. आणि मागचा हात उचलू नकोस, काठी वरून तिरकी लागली की चेंडू उडतो."

हे त्याने मला कितीदा तरी सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

मग पारशी मंडळींशी सामना ठरला. आमच्याकडून एकानेच खेळायचं होतं. सगळ्यांनी सदाशिवचं नाव घेतलं. मीही घेतलं — सगळ्यांत मोठ्याने. आत काय जळत होतं ते कोणाला दिसणार?

त्या रविवारी दुपारी सराव चालला होता. माझे फटके वाया जात होते. बाकावरची मंडळी हसली. सदाशिवही हसला — मित्र हसतो तसाच. मग तो पलीकडच्या टोकाला, त्रिकोणामागे जाऊन वाकला. "मार आता. इथून तुझी चूक मला दिसेल."

मी काठी धरली. आडवी, त्याने शिकवली तशी. आणि मग — मागचा हात उचलला. जाणूनबुजून. त्याला नुसतं दचकवायचं होतं? इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. नाही. त्याला लागावं असंच मला त्या क्षणी वाटत होतं. सगळा जोर लावून मी मारलं.

चेंडू तांबड्यांवरून उडाला. सदाशिव ओरडलासुद्धा नाही. हातांनी तोंड झाकून खाली बसला.

"काठी सटकली," मी म्हणालो.

सगळ्यांनी मानलं. सदाशिव त्या अवस्थेतही म्हणाला, "त्याला बोलू नका. मीच पुढे वाकलो होतो."

डावा डोळा गेला. पुढे उजवाही मंदावला, बारीक रेघा दिसेनात, नकाशांचं काम सुटलं. सामना मी खेळलो. हरलो — पण खेळलो. सदाशिव क्लबात पुन्हा आला नाही. मागच्या वर्षी तो वारला. शेवटपर्यंत हा अपघात स्वतःच्याच चुकीने झाला, असं मुलांना सांगत असे. मी शेजारी बसून ऐकत असे.

आणखी एक राहिलं. त्या रविवारी त्याला दवाखान्यात नेणारा मीच, संध्याकाळी डोळ्याला पट्टी बांधल्यावर घरी आणणाराही मीच. त्याच्या आईने मला हट्टाने पानावर बसवलं. "तू होतास म्हणून निभावलं रे बाळा," असं म्हणत भातावर तूप वाढलं.

मी पोटभर जेवलो.