थर्मासमधले जिवंत जंतू

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आमच्या भागात शेततळी नवी होती तेव्हाची गोष्ट. नाशिकहून घोटीला जाणाऱ्या एसटीत, अगदी पुढच्या बाकावर, शेततळ्यात मासे पाळणारे एक काका माझ्या शेजारी बसले होते. मांडीवर बर्फ भरलेला थर्मास आणि त्याभोवती ओला पंचा. थोड्या थोड्या वेळाने ते पंचा चाचपून बघत.

"खाली ठेवा की, काका," कंडक्टर म्हणाला.

"खाली इंजिनाची ऊब लागंल. आत जिवंत जंतू हायेत."

पलीकडच्या बाईंनी पदर नाकाला लावला. काका हसले. "माशांची लस हाय, ताई. जंतू कमजोर केलेत, मारले नाय. लस पाण्यात मिसळून पिल्लं त्यात बुडवली की पुढं खरा रोग झेपतो."

मागच्या वर्षीही त्यांनी ही लस नेली होती. पण पिल्लं बुडवायच्या टबात, विहिरीत टाकतात ते लाल औषध त्यांनी सवयीने आधीच टाकलं. त्यात लशीतले जंतू मेले आणि पुढे रोग आला तेव्हा अंगावर चट्टे उठून सगळे मासेही गेले.

"जंतू मारण्यात हयात गेली," ते म्हणाले, "आता त्यांनाच जपत न्यायचंय."

घोटीला ते उतरायला उठले, तेव्हा मी विचारलं, "या वेळी लाल औषध नाही ना टाकणार?"

"हाताचा काय भरवसा? बायकोला सांगून आलोय, डबी लपवून ठेव. मी ओरडलो तरी देऊ नको."