प्रश्नोत्तराच्या तासाला आम्ही हजर होतो

त्या दिवशी मामांनी म्हशी रानात सोडल्या नाहीत. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची चार घरांची वस्ती आहे. तिथं जनावरं दिवसभर दावणीला बांधलेली दिसली की समजायचं, कुणी तरी गेलंय नाही तर कुणाचं तरी लग्न आहे. मी चढण चढून वर पोचलो तेव्हा म्हशी हंबरत होत्या आणि मामा अंगणात उभे राहून लाल पटका बांधत होते.

"मामा, म्हशी?"

"आज न्हाई. आज आपला इषय हाय."

विषय रस्त्याचा होता. हिर्डोशीच्या डांबरी सडकेपासून वस्तीपर्यंतची वाट मधे वनखात्याच्या जमिनीतून जाते. त्या पट्ट्यातून रस्ता काढायचा तर परवानगी दिल्लीपर्यंत जाऊन यावी लागते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या अशा वस्त्यांबद्दलचा प्रश्न त्या दिवशी लोकसभेत लागला होता. विचारणारे सदस्य आमच्या भागातले नव्हते, फार दूरच्या मतदारसंघातले होते. ओळखीच्या ओळखीनं मी त्यांच्याकडं माहिती पाठवली होती. चिठ्ठ्यांच्या सोडतीत त्यांचा प्रश्न निघाला आणि मंत्र्यांनी उभं राहून तोंडी उत्तर द्यायच्या यादीत गेला. मी मामांना निरोप धाडला, "आपला नंबर लागला."

निरोपात मी एक गोष्ट सांगितली नाही. आमचा नंबर यादीत बराच खाली होता. भोरला तहसील कचेरीसमोर माझं अर्ज टाईप करून द्यायचं दुकान आहे. तिथं बसून मी त्या आठवड्यात लोकसभेचं कामकाज मोबाईलवर रोज बघत होतो. तासाभरात वरचे चार-पाच प्रश्न होतात, बाकीच्यांची उत्तरं नुसती छापून मिळतात, हे मला कळून चुकलं होतं. तरी मी 'लागला' एवढंच म्हणालो. मामांना आशा वाटावी म्हणून म्हणालो, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर मलाच कुणीतरी 'भाच्यानं काम केलं' असं म्हणायला हवं होतं.

आणि त्या दिवसावर मामांच्या घरात फार मोठी गोष्ट ठरायची होती. त्यांची नात आदल्या पावसाळ्यात तापानं फणफणली, तेव्हा तिला घोंगडीच्या डोलीत घालून खाली आणावं लागलं. पोरगी वाचली, पण त्यानंतर तिला आजोळी मार्गासनीला ठेवलं. तिथं दारावरून एसटी जाते, शाळा चालत जाण्याजोगी आहे. सूनबाई वर, पोरगी तिथं. महिन्या-दोन महिन्यांनी माय-लेकींची गाठ पडायची. शेवटी सूनबाईनं नवऱ्याला सांगितलं की खाली जाऊन राहू. माझ्या मामेभावानं सारोळ्याला हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात काम बघून ठेवलं. पण तो गेल्यावर म्हशी एकट्या मामांच्यानं होणाऱ्या नव्हत्या. म्हशी विकायच्या म्हणजे मामांनीही डोंगर सोडायचा. मामा शेवटी एका गोष्टीला कबूल झाले. दिल्लीत आपला विषय निघू दे. सरकारनं सगळ्यांसमोर 'रस्ता करतो' म्हटलं तर थांबायचं. नाही म्हटलं तर म्हशी द्यायच्या. जनावरांचा व्यापार करणाऱ्या हेड्याला तसा निरोप गेला होता, दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन ये म्हणून.

घराच्या मागं थोडं वर एक सपाट कातळ आहे. मोबाईलला रेंज तिथंच येते. मामींनी कातळावर घोंगडी अंथरली. मी हंड्याला टेकवून मोबाईल उभा केला. मामा, मामी, मामेभाऊ, सूनबाई आणि शेजारची एक म्हातारी, जिला सगळे आत्या म्हणतात, एवढे जण बसलो. मामा सगळ्यांच्या पुढं, मांडी घालून, पटका नीट करून.

"तुमाला काय तितनं बगत्यात व्हय कुणी?" आत्या म्हणाल्या. "नवरदेवावानी बसलाय."

"हजर असावं मानसानं," मामा म्हणाले.

यामागं एक कारण होतं. ग्रामसभेत एकदा वस्तीच्या हातपंपाचा विषय होता आणि मामा चुकलेलं रेडकू शोधायला गेले होते. अर्जदार हजर नाही म्हणून विषय पुढच्या सभेत ढकलला गेला, आणि पुढच्या सभेत तो कुणाला आठवला नाही. तेव्हापासून सभेत आपण समोर असलो की विषय निघतोच, अशी मामांची पक्की समजूत होती. दिल्लीच्या सभेला समोर असणं म्हणजे हे असं, कातळावर. मी त्यांना समजावलं नाही. मोबाईलकडं बघून हजर राहणाऱ्या माणसाला काय समजावणार?

अध्यक्ष आले. सभागृह उभं राहिलं, तसे मामाही उभे राहिले. मग मामी, मग आम्ही सगळेच. कुणा जुन्या सदस्यांचं निधन झालं होतं. अध्यक्षांनी शोकसंदेश वाचून दाखवला आणि सगळे माना खाली घालून गप्प उभे राहिले. आम्हीही.

"कोन गेलं?" मामींनी हळूच विचारलं.

"पूर्वीचे एक सदस्य होते."

"पोरंबाळं हायत का मागं?"

"गप ऱ्हा," मामा म्हणाले.

पहिला प्रश्न कुठल्याशा विमानतळाचा निघाला. सदस्यांनी विचारलं, मंत्री उत्तर देऊ लागले. आत्यांनी मला ते मराठीत सांगायला लावलं आणि ऐकून म्हणाल्या, "इमानाला रस्ता लागत न्हाई, तरी त्येंचा नंबर पयला!" मामेभाऊ हसला. मामा हसले नाहीत. ते पुढं वाकून बसले होते आणि आपला विषय आला की मी त्यांना हात लावून सांगायचं, असं ठरलं होतं.

मंत्र्यांचं उत्तर पुरं होईना. एका बाजूचे सदस्य फलक घेऊन अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत उतरले. घोषणा सुरू झाल्या. अध्यक्ष परत परत सांगत होते की प्रश्नोत्तराचा तास चालू द्या, जनतेचे प्रश्न आहेत. दुसऱ्या बाजूचेही ओरडायला लागले. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांच्या घोषणांतही कुणाचं तरी दुःख असेलच. पण मला तेव्हा एकच दिसत होतं, की मामांचा हात गुडघ्यावर घट्ट आवळलेला आहे.

"बसा म्हनावं की त्यास्नी," मामा मला म्हणाले. जणू मी सांगितलं असतं तर ते बसले असते.

कामकाज बारा वाजेपर्यंत तहकूब झालं. पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची आणि एक पाटी दिसू लागली.

"आता?"

"बारा वाजता परत भरेल."

"मंग आपला इषय?"

तेव्हा मला सांगावं लागलं. बारा वाजता तास संपतो. प्रश्न राहिले ते राहिले. उत्तर लेखी येईल. मी बोलत असताना सूनबाई माझ्याकडं बघत होती. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. आपल्या मनासारखं होणार, पोरीजवळ जायला मिळणार, म्हणून ती खुश असेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "भाऊजी, पर निगाला असता ना, जरा शांत बसलं असतं तर?"

आणि मी म्हणालो, "हो."

तेही खरं नव्हतं. शांत बसले असते तरी आमचा नंबर फार खाली होता. मला माझ्यावरचा दोष त्या ओरडणाऱ्यांवर ढकलता आला, आणि मी तो ढकलला.

बारा वाजता मामांनी परत पटका सारखा केला. मंत्री एकेक करून उभे राहिले आणि अमुक कागद सभागृहापुढं ठेवतो, तमुक कागद ठेवतो, असं म्हणून बसले. मग पुन्हा गोंधळ, पुन्हा तहकुबी. सूनबाईनं भाकरी आणि पिठलं कातळावरच आणलं. खाली म्हशी हंबरत होत्या. मामी मधेच उठून त्यांना पेंढा टाकून आल्या. मामा जागचे हलले नाहीत. दुपारी पुन्हा सभागृह भरलं. गोंधळ तसाच होता. पण आता त्या गोंधळातच एक विधेयक पुढं आलं. कुणी तरी काही वाचलं, ते कानावर पडलं नाही. बाजूनं असणाऱ्यांनी 'हो' म्हणा, विरोधात असणाऱ्यांनी 'नाही' म्हणा, असं झालं आणि विधेयक मंजूर.

"ह्ये काय झालं?"

"कायदा झाला, मामा."

मामांनी पडद्याकडं बोट केलं. मग म्हणाले, "मगाशी दंगा हुता म्हनून आपला इषय ऱ्हायला. आन् आता दंग्यातच कायदा झाला?"

मी मान हलवली. सभागृह दिवसभरासाठी उठलं. मामा उभे राहिले, कारण पडद्यावरचे उभे राहिले होते.

"आपुन हजर हुतो," ते म्हणाले, "ह्ये लिवलं का त्येंनी?"

उन्हं कलायला लागली तेव्हा मोबाईलवर लेखी उत्तर मिळालं. मी आधी मनात वाचलं. उत्तर लहानच होतं. वनजमिनीतून रस्त्याला परवानगी देण्याची पद्धत सांगितली होती, आणि शेवटी म्हटलं होतं की प्रश्नात ज्या वस्त्यांची नावं आहेत त्यांच्याबाबत असा कोणताही प्रस्ताव प्राप्त झालेला नाही. मी दोनदा वाचलं. मग मराठीत सांगितलं, शब्द न बदलता. त्या दिवसात मी केलेली तेवढीच एक सरळ गोष्ट.

मामांना नीट कळलं नसावं असं मला वाटलं. त्यांना कळलं होतं.

"म्हंजी आपुन मागितलंच न्हाई?"

मामांनी रस्त्यासाठी केलेले सगळे अर्ज मीच लिहिले होते. मामा दरवर्षी दसऱ्याच्या आधी भोरला यायचे. येताना तुपाचा डबा आणायचे. पैसे मी घेत नसे, तूप घेत असे. घरी गरम भातावर ते तूप घेताना मला बरं वाटायचं, की आपण मामांचं काम करतो. अर्ज वेगळा आणि प्रस्ताव वेगळा, हे मला पहिल्या दोन वर्षांतच समजलं होतं. अर्ज कुणीही करतो. प्रस्ताव कचेरीनं मोजणी करून, नकाशे लावून वर पाठवायचा असतो. आमचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचा आणि तिथंच राहायचा. एकदा मी आत जाऊन विचारलं, तेव्हा 'बघतो' म्हणाले. मी परत विचारलं नाही. रोज त्याच लोकांसमोर दुकान उघडायचं होतं. पुढच्या दसऱ्याला मी मामांना आणखी एक अर्ज लिहून दिला.

सूनबाई डोळे पुसत होती. "मामंजी," ती म्हणाली, "रस्ता झाला असता तर मला हितंच ऱ्हायचं हुतं. पोरीला आनून."

"व्हय गं," मामा म्हणाले. "ठावं हाय मला." आणि ते उठून म्हशींना पाणी दाखवायला गेले.

सकाळी म्हशी खाली उतरवल्या. टेम्पो वर येऊ शकत नाही, तेव्हा विकलेली जनावरंही आपल्या पायांनीच चालत न्यावी लागतात. मामा पुढं, म्हशी मागं, आम्ही सगळ्यात शेवटी. कातळाच्या सपाट सड्यावरून डावीकडं चरणीला जायची वाट फुटते. म्हशी सवयीनं तिकडं वळल्या. मामांनी नुसती हाक दिली, तशा परत फिरल्या. काठीही लागली नाही.

सडकेवर हेडी बिडी ओढत टेम्पोला टेकून उभा होता. "काय मामा, काय म्हनतीया दिल्ली?" त्यानं हसून विचारलं. पुढची म्हैस फळीवर पाय ठेवीना. हेड्यानं शेपटी पिरगाळायला हात घातला, तसा मामांनी त्याचा हात बाजूला केला, स्वतः टेम्पोत चढले आणि आतून तिला बोलावलं. ती चढली. तिच्या मागं बाकीच्या चढल्या. मग मामांनी एकेकीच्या गळ्यातलं दावं सोडलं. म्हैस विकली तरी दावं द्यायचं नाही, दाव्याबरोबर घरातलं दूधदुभतं जातं, असं आमच्यात मानतात. हेड्यानं आपली दोरं आणली होती.

टेम्पो वळणाआड गेला. मामेभाऊ आणि सूनबाई मार्गासनीला लेकीकडं जायला बसची वाट बघत थांबली. मामांनी दाव्यांचं वेटोळं खांद्यावर टाकलं.

"भाच्या, त्यो परस्ताव म्हंजी काय, त्यो तुला लिवता येतो का?"

"नाही मामा. तो कचेरीनंच करायचा असतो."

"मंग इतकी वर्सं आपुन काय लिवत हुतो?"

दावी मी वर आणून देतो म्हणालो, हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "त्येंचं काय वजन." आणि ते चढणीला लागले. मामी घरी एकट्या होत्या.

मी भोरला पोचून दुकान उघडलं तेव्हा वेल्ह्याकडचे दोघं जण बाकावर येऊन बसले होते. डोंगरातल्या वस्तीचे. रस्त्याचा अर्ज करायचा होता. म्हातारा होता त्यानं पिशवीतून आधीच्या अर्जांच्या प्रती काढून माझ्यापुढं ठेवल्या. टाईप माझ्याच मशीनवर झालेला होता.

"ह्या टायमाला व्हईल ना, सायेब?" त्यानं विचारलं.

काय सांगायचं ते मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. मी विचारलं, "वस्तीचं नाव काय लिहू?" आणि टाईप करायला लागलो.