विद्यापीठाच्या नावानं गडंगनेर

लग्न ठरलेल्या मुलीला भाऊबंद आणि शेजारीपाजारी एकेक दिवस आपल्या घरी जेवायला बोलावतात, त्याला पुण्याकडे केळवण म्हणतात. आमच्या हळ्ळीखेडात त्याला गडंगनेर म्हणतात. माझंही गडंगनेर झालं, चांगलं गावभर झालं. फक्त माझं लग्न ठरलेलं नव्हतं. मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात बदलून जाण्याचा अर्ज केला होता आणि त्याचं उत्तर यायचं होतं.

आमच्या म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन थोडीच वर्षं झाली होती. गुलबर्ग्याला मामाकडे राहून मी बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलं. निकाल चांगला लागला आणि लगेच मामाची बदली पार म्हैसूरकडे झाली. कॉलेजात माझी जागा होती, पण गावात राहायला छप्पर उरलं नाही. खोली घेऊन एकटी मुलगी राहणार, हे वाक्य आमच्या घरात कुणाला पुरतं बोलवतसुद्धा नव्हतं. तेव्हा मामानंच तोडगा काढला. महाराष्ट्रातल्या त्या नामांकित विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला अर्ज करू, मुलींचं वसतिगृह आवारातच आहे, भिंत उंच आहे. भिंत उंच आहे म्हटल्यावर अप्पांनी होकार दिला. तिथं शिकवतात कसं, हे त्यांनी विचारलं नाही. मधल्या वर्षात बाहेरच्यांना घेतात ते कुणी जागा सोडून गेलं तरच, आणि त्या जागेवर शेकडो जण टपून असतात, हेही मामानं सांगितलं होतं. ते मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

शेजारच्या अक्काला मी अर्ज केल्याचं कळलं आणि ती पदर खोचूनच आली.

"पोरगी शीव वलांडून जायलीय, उपाशी कशी धाडायची? उद्या माझ्याकडं गडंगनेर."

"अगं अक्का, अजून उत्तर आलं न्हाई," आई म्हणाली.

"येतंय की. येवढी हुशार पोरगी, न्हाई कोण म्हणतंय?"

गुलबर्ग्याला गेले तेव्हा मला कुणी चहालाही बोलावलं नव्हतं, कारण मामाच्या घरी जाणं हे जाणं नव्हेच. पण वयात आलेली मुलगी ट्रंक घेऊन परमुलखात जाते, याचा आमच्या गल्लीला एकच अर्थ ठाऊक होता आणि त्याला एकच रीत होती. अक्काकडे शेंगांच्या पोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरी पुरण शिजलं. मग भाऊबंद मागे कसे राहतील? एका घरी जेवून दुसऱ्या घरी नाही म्हटलं तर मुलाबाळांच्या लग्नापर्यंत अबोला. मी जेवत सुटले. प्रत्येक घरी पाट, कुंकू, वर हातात एक खण. उत्तर काही येईना, खणांची चवड मात्र वाढत चालली आणि माझ्या अंगातली पोलकी मला होईनाशी झाली.

अप्पांचं भुसारचं दुकान होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ते तुरीच्या पोत्याला टेकून गिऱ्हाइकांना रोज ऐकवायचे आणि दुपारी दुकान बंद करून माझ्यासाठी ट्रंक बघायला जायचे. ट्रंक आलीसुद्धा, निळ्या रंगाची. बिजागरी कुरकुरते म्हणून बदलूनही झाली.

उत्तर का येत नाही, यावर गावात मतं पडली. निजामाच्या कचेरीत कारकुनी केलेले एक आजोबा होते, गाव त्यांना कायद्याचं माहेरघर समजायचं. ते म्हणाले, "दरखास्तीचा जवाब लौकर आला तर समजायचं, कुणी वाचलीच न्हाई. येळ लावायलेत म्हंजे वाचायलेत." या खुलाशावर आम्ही पुष्कळ दिवस काढले. मग कुणी म्हणालं, तिकडचे लोक घराण्याची चौकशी करत असतील. कुणी म्हणालं, मोठी माणसं आहेत, आपण होऊन निरोप धाडावा, कमीपणा घ्यावा. गडंगनेर चालू असल्यामुळे लोक विद्यापीठाबद्दल आपोआपच मुलाकडच्यांसारखं बोलू लागले होते, आणि मला त्याचं हसू येत होतं. हे हसू फार दिवस टिकलं नाही.

कारण ही बोलणी रस्त्याला लागली. हळ्ळीखेडच्या भुसारवाल्याच्या पोरीला सगळ्या गावानं जेवू घातलं आणि तिकडची माणसं आता काही बोलतच नाहीत, एवढंच मन्नाएखेळ्ळीला पोचलं. तिथं माझी मावशी राहायची. ती मिळेल त्या गाडीनं आली आणि दारातच आईच्या गळ्यात पडून रडू लागली.

"जाऊ दे गं. तसल्या मोठ्या घरात पोरीला सुख लागलं नसतं."

आईनं तिला पाणी दिलं आणि समजावलं, की मोठं घर म्हणजे विद्यापीठ आहे, कॉलेजचं विद्यापीठ. मावशीनं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "तरी बी. लोकांच्या तोंडी मोडलं ते मोडलंच."

मावशी मनानं फार चांगली. आठ दिवसांत तिनं एक स्थळ आणलं. मुलगा हुमनाबादला कचेरीत होता, घरी तुरीचं रान होतं, आणि मुलीचं एकदा मोडलेलं त्यांना चालणार होतं. मोडलं नव्हतंच, हे मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण काय मोडलं नव्हतं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? अप्पा तसे प्रेमळ, पण चारचौघांच्या बोलण्यापुढे नमणारे. त्यांनी मला बोलावून स्पष्टच सांगितलं.

"तिकडून हो आलं तर तू जा, ट्रंक तयार हाय. न्हाई आलं तर ह्या पाव्हण्यांना हो म्हणू. गडंगनेर खाल्लेली पोरगी किती दिस घरात ठिवायची?"

मला रडू आलं नाही, संताप आला. मला रसायन शिकायचं होतं. प्रयोगशाळेत नळीतलं पाणी एका थेंबानं गुलाबी होतं, ते बघताना मला जेवणखाण सुचत नसे. आणि इथं माझं सगळं आयुष्य जेवणानंच अडवून ठेवलं होतं. मी ते खण ट्रंकेत कोंबले.

पाहुणे आले त्या दिवशी आईनं चुरमुऱ्यांचा सुसला केला होता. मुलाचे काका बैठकीत मधोमध बसले होते, अप्पा कडेला. मी ताटल्या ठेवून वळते तोच पोस्टमन आला. त्यानं सायकलवरूनच हाक दिली, "आलं गा, आलं!" पाकीट अप्पांनी फोडलं, पण मजकूर इंग्रजीत, म्हणून वाचायला माझ्याकडेच आलं. दुसऱ्या वर्षात एकही जागा रिकामी नाही, त्यामुळे अर्जाचा विचार करता येत नाही. मी पाहुण्यांसमोर उभं राहून ते मराठीत सांगितलं. एवढ्या लोकांनी एवढं पुरण शिजवलं, त्याचं उत्तर दोन ओळींत संपलं.

"बरं झालं," मुलाचे काका सुसल्यावर लिंबू पिळत म्हणाले. "आता अडचण न्हाई राहिली."

अप्पांनी मान हलवली. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाहुण्यांच्या बैठकीत ती कधी येत नसे. हात ओलेच होते.

"हे गडंगनेर शिक्षणाचं होतं," ती म्हणाली. "लोकांनी पोरीला शिकायला जा म्हणून जेवू घातलंय. ते लग्नाला कसं चालंल? खाल्लेलं अंगावर येईल की."

"पर तिकडं जागाच न्हाई," अप्पा म्हणाले.

"गुलबर्ग्याला हाय. खोली बघा. संगं मी जाते."

"आन मी?"

"तुमाला भाकर टाकायला शिकवते की."

पाहुण्यांनी सुसला संपवला, हे मला त्यांचं विशेष वाटतं. गडंगनेर खाऊन घरी बसणं अपशकुन असेल, तर खाऊन शिकायला न जाणंही अपशकुनच. गावानंच घालून दिलेली रीत, ती मावशीलाही मोडता येईना. अप्पांनी आठवडाभर भाकरीचे नकाशे भाजले आणि खोली शोधली.

निघायच्या दिवशी सगळी गल्ली स्टँडवर आली. निळी ट्रंक टपावर चढवत होते. अक्काला राहवेना.

"पोरीचं ठीक हाय. तू कामून जायलीस गं, घरदार टाकून? तुला कुणी गडंगनेर केलं?"

"माझं झालतं की, लग्नात," आई म्हणाली. "महिनाभर समद्यांनी जेवू घातलं. पर बाई, तुला कुठं जायचंय, म्हणून एकानं बी इचारलं न्हाई."

मग ती माझ्या आधी गाडीत चढली आणि खिडकीची जागा तिनं घेतली.