ताट साफ, मग शब्द

येमेनहून शिकायला आलेल्या एका मुलामुळं मी आज संभाजीनगरात टिकून आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं सगळं श्रेय खोबऱ्याला जायचं, आणि खोबऱ्यानं तर मला घालवायचंच ठरवलं होतं.

माझी शाळा आठवीत सुटली. घर रत्नागिरीकडं, खाडीच्या तोंडाशी. ओळखीच्या एकानं इथं विद्यापीठाजवळच्या मेसमध्ये स्वयंपाकाला लावून दिलं. मेस पाचोडच्या एका काकूंची. मला येत होतं तेच मी रांधलं. वांग्यात खोबरं, डाळीत खोबरं, कोबीवर तर पाऊसच. पोरं ताटाच्या कडेला पांढरा ढीग लावून उठायची. काहीजण समोरच्या मेसमध्ये बसायला लागली, तीही आमच्याकडं तोंड करून.

एका सकाळी काकू म्हणाल्या, "महाराज, तू माणूस गुणी हायेस. पन ही ताटं बघ. म्हैस बी तोंड लावना. रविवारी ताटं रिकामी आली तर ऱ्हा, नायतर गाडीत बसवून देते."

"होय काकू," मी म्हणालो. घाबरलो की मला होयच म्हणता येतं. खोबरं कमी करून पाहिलं, तर रस्सा पाण्यासारखा लागला. दुसरं काही येत नव्हतं.

त्या दुपारी सिल्लोडच्या एका पोरानं त्या येमेनी मुलाला विचारलं, "भाई, तुझं गाव कसलं?"

त्याचं मराठी तेव्हा नवंकोरं. तो म्हणाला, "बंदर."

पोरांना हिंदीतलं माकड दिसलं, ती हसत सुटली. मी वाढता वाढता थांबलो. "माझं पण बंदर," म्हणालो. "जिथं होड्या लागतात ते."

तो उठून उभाच राहिला. "होडी चालवतो तो, नाखुदा?"

"आमच्याकडं नाखवा."

माझे वडील जन्मभर नाखव्याच्या शिव्या खात आले. हा माणूस समुद्रापलीकडंही असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मूळ शब्द इराणी खलाशांचा, दोन्ही किनाऱ्यांनी उचललेला, असं पुढं त्यानंच सांगितलं.

सगळे गेल्यावर त्यानं विचारलं, तोंड का उतरलंय. मी रविवारचं सांगितलं. तो बराच वेळ त्या पांढऱ्या ढिगांकडं बघत बसला.

संध्याकाळी त्यानं खेळ काढला. त्याच्या अरबीत आणि पोरांच्या मराठीत सारखा असलेला शब्द शोधायचा, ज्याला जास्त सापडतील तो जिंकला. नियम एकच : ताट साफ केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पंच म्हणून मला उभं केलं.

"ह्याला कायच येत नाय," सिल्लोडकर म्हणाला, "म्हंजे पक्षपात नाय."

मग पोरं भराभर गिळायला लागली. साबण, खुर्ची, तारीख, फक्त. एकानं तर 'बाकी' म्हणायच्या घाईत खोबऱ्यासकट मिरची गिळली आणि नाकातून पाणी काढत शब्द सांगितला. येमेनी म्हणाला, आमच्याकडं साहेब म्हणजे मित्र.

"मग तहसीलमधले सगळे आपले मित्रच की," सिल्लोडकर म्हणाला. "कवापासून भेटनात."

बटाट्यावरून मात्र जुंपली. अरबीतही तो बटाटाच. सिल्लोडकर म्हणे, आमच्या शेतात निघतो, तो आमचाच. दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी पातेल्यावर पळी आपटून निकाल दिला, "बटाटा कुणाचाच नाही." नंतर कळलं की तो खरंच पोर्तुगिजांबरोबर लांबून आलेला. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं बरोबर उत्तर.

रविवारी काकू मोरीपाशी येऊन ताटं उलटीपालटी करत राहिल्या. "धुतली का रे आधीच?"

"नाही काकू."

"मग ऱ्हा."

तो शिक्षण संपवून निघाला त्या दिवशी मी त्याच्यासाठी डबाभर खोबऱ्याच्या वड्या केल्या. त्यानं डबा उघडला, हळूच बंद केला आणि माझ्या हातात परत दिला.

"रागावू नकोस. खोबरं मला कधीच आवडलं नाही."

"मग रोज ताट साफ कसं करायचास?"

"नियम माझाच होता ना."

वड्या सिल्लोडकरानं खाल्ल्या. तो आता खोबरं मागून घेतो. मी काकूंच्या हाताखाली शेंगदाण्याचं कूट शिकतोय. अजून जरा करपतं. पण साहेबा, तुझ्या अर्थानं साहेबा, तू इकडं आलास किंवा एखाद्या नाखव्यानं मला तुझ्या बंदरात उतरवलं, तर तुला एकदा पोटभर खोबऱ्याशिवाय जेवू घालीन. 'शिवाय' हा शब्दही तुमच्याकडचाच, असं तू म्हणायचास. तो तरी नक्की परत करीन.