प्लग काढलेला सर्व्हर

भूतप्रेताचा विषय निघाला की मी तिथून उठून जातो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मीच, बी.एस्सी. केलं तेही फिजिक्स घेऊन... त्यामुळे लिंबू उतरवणं, अंगात येणं हे सगळं आई मानायची आणि मी हसायचो. आजही हसतो. तरी या सदरात इतरांचे अनुभव वाचून वाटलं, आपलाही एक लिहून टाकावा. कोणाला उत्तर सापडलं तर सांगा. मला सापडलेलं नाही.

भिलाई अजून मध्य प्रदेशात होतं तेव्हाची, नव्वदनंतरची गोष्ट. भिलाईत नेहरू नगरला, हायवेच्या बाजूने, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. स्टील प्लांटच्या ठेकेदारांना फॅब्रिकेशनची ड्रॉइंग्ज करून द्यायचं काम. मालक गुप्ताजी. ड्रॉइंग काढणाऱ्यांत सगळ्यात जुने देशकर काका – प्लांटमधून रिटायर होऊन आलेले, मूळचे वर्ध्याकडचे. आणि कॉम्प्युटर सांभाळायला मी.

तेव्हा प्रत्येकाचं काम आपापल्या फ्लॉपीवर असायचं. कोणाची फ्लॉपी ताजी, यावरून रोज भांडण. मी गुप्ताजींच्या मागे लागून एक सर्व्हर घ्यायला लावला. एक मशीन, त्यात मोठी डिस्क, आणि भिंतीने फिरवलेली काळी केबल प्रत्येकाच्या टेबलापर्यंत. सगळ्यांची ड्रॉइंग्ज त्या एकाच डिस्कवर. केबलची टोकं मी स्वतःच्या हाताने बसवली होती. एक टोक सैल झालं की अख्खं ऑफिस बंद पडायचं, आणि मग सगळे मिळून मला शिव्या घालायचे.

काका काही केल्या आपल्या फ्लॉप्या देईनात.

"सगळ्यायचं एकाच पेटीत? अन् पेटी जळली तं?"

"टेपवर कॉपी घेऊन राहिलो ना काका."

"अन् माह्या ड्रॉइंगवर नाव माहंच राहीन?"

"तुमचंच राहील. कोण काढते?"

"काढनारे लय असतात बाबू," ते म्हणाले, पण फ्लॉप्या दिल्या.

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कोणी काढलं, कोणी तपासलं – तिथे आद्याक्षरं टाकतात. काकांची एम.व्ही.डी. त्यांची कमाई काय ती तेवढीच.

त्या उन्हाळ्यात काका गेले. सेक्टर २ मध्ये मुलाच्या क्वार्टरवर, हार्ट अटॅकने. पुढे गुप्ताजींचा भाचा विनीत ऑफिसात आला. गुप्ताजींना त्याला एका मोठ्या कंपनीच्या पॅनेलवर, म्हणजे काम देण्यासाठी मान्य केलेल्यांच्या यादीत, घुसवायचं होतं आणि दाखवायला स्वतःचं काम काहीच नव्हतं. गुप्ताजी म्हणाले, देशकरची ड्रॉइंग्ज घे आणि चौकटीत तुझी अक्षरं टाक. तो माझ्यासमोर बसून एकेक फाइल उघडून एम.व्ही.डी. खोडत होता, तोंडात पान.

मी सरळ गुप्ताजींच्या केबिनमध्ये गेलो. "सर, ये देशकरजी का काम है।"

"देशकरजी अब नाम का क्या करेंगे? तू डिस्क संभाल।"

विश्वकर्मा पूजेच्या आदल्या संध्याकाळी विनीतचं काम संपलं. मी नेहमीसारखी टेपवर कॉपी घेतली, टेप गुप्ताजींच्या कपाटात गेली.

पूजेच्या दिवशी भिलाईत कोणी मशीनला हात लावत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. सर्व्हर टेबलावर मधोमध ठेवला. त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, वर नारळ. कलशाचं पाणी सांडेल म्हणून मी स्वतः प्लग काढला, केबलही सोडवली. दुपारी आम्ही सगळ्यांनी त्याच्यासमोर सतरंजीवर बसून पुरी-भाजी, बुंदी खाल्ली. गुप्ताजी होते, विनीत होता. संध्याकाळी शटर ओढलं, किल्ली गुप्ताजींच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्ताजींनीच शटर उघडलं. मी सर्व्हर चालू केला. विनीतने घाईघाईत सगळी ड्रॉइंग्ज प्लॉटरवर काढली, न बघता गुंडाळली आणि त्या कंपनीच्या मीटिंगला गेला.

तिथे साहेबांसमोर गुंडाळी उघडली, तर प्रत्येक शीटवर एम.व्ही.डी.

"ये एम.व्ही.डी. कौन है भाई?" कोणीतरी विचारलं म्हणे. सगळे हसले.

तो परत आल्यावर आम्ही फायली पाहिल्या. सगळ्यांवर पूजेच्या दिवसाची तारीख, आणि वेळ दुपारची – आम्ही पुऱ्या खात होतो ती. टेप लावून पाहिली, तिच्यात विनीतचीच अक्षरं. म्हणजे जे झालं ते मधल्या दिवसात, बंद मशीनच्या डिस्कवर. घड्याळ बिघडलं असेल असं म्हणणाऱ्यांना सांगतो – घड्याळ तारीख बदलेल, कोपऱ्यातली अक्षरं नाही.

सर्व्हरवर काहीही बदलू देणारा सुपरवायझर पासवर्ड फक्त मला माहीत. विरोधही मीच केलेला. गुप्ताजींना दुसरा चोर शोधायची गरजच नव्हती.

"चाबी तो आपके पास थी," मी म्हणालो.

"डुप्लिकेट बनवाई होगी। सुन, बस बोल दे कि मैंने किया। माफ कर दूँगा, नौकरी रहेगी।"

घरी बाबांना सांगितलं. ते प्लांटमध्ये मिलवर हेल्पर होते. मुलगा टेबल-खुर्चीवर बसतो, हे त्यांनी सगळ्या सेक्टरला सांगून ठेवलं होतं.

"कावून अडून राहिला बे? म्हनून टाक ना केलं म्हून."

"पण मी केलंच नाही बाबा."

"तं मंग कोनं केलं?"

"मले काय मालूम!"

माझ्या बापालाही वाटत होतं की मी खोटं बोलतोय... ते मी विसरलेलो नाही.

मी कबूल केलं नाही. नोकरी गेली, आणि कॉम्प्युटरवाल्यांच्या त्या छोट्या जगात 'डेटा बदलणारा' असं नाव लागलं. वर्षभर कोणी दारात उभं केलं नाही.

त्याच काळात भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या बाजारात देशकर काकू भेटल्या. त्यांना ऑफिसातल्या कोणीतरी सगळं सांगितलेलं. भररस्त्यात माझा हात धरून रडायला लागल्या.

"त्यायचं नाव तू राखलं रे लेका. पोटच्यानं नसतं केलं."

"काकू, मी नाही केलं. खरंच सांगतो, मशीन बंद होती."

"बरं बरं. नको सांगू कोनाले. मले समजते."

मी पुन्हा सांगितलं. त्या डोळे पुसत हसल्या. गुप्ताजींनी विश्वास ठेवला नाही तो रागाने, यांनी ठेवला नाही तो मायेने. माझ्यासाठी दोन्ही सारखंच.

ते कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. आत्म्याबित्म्यावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही.

काकू होत्या तोवर दर दिवाळीला त्यांच्याकडून आमच्या घरी फराळ यायचा. "घे ना बाबू, तुह्यासाठी पाठवला," आई म्हणायची. घरचे सगळे खायचे. मी कधी करंजीचा तुकडाही तोंडात टाकला नाही.