मार्थाबाईंची गिटार आणि माझी डिकी

सव्वीस वर्षांच्या दुबईतल्या वास्तव्यात मी स्वतःच्या हातानं एकच वस्तू भाजली, आणि ती खाण्याची नव्हती.

ती मार्थाबाईंची गिटार होती.

मार्थाबाई म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसीच्या गायिका. साठी उलटलेली, पाठीवर पांढरी वेणी. स्वतःच गाणी लिहायच्या, स्वतःच चाली लावायच्या आणि गावोगाव फिरून चाळीस-पन्नास माणसांसमोर गायच्या. आमची रेवा त्यांच्या ऑनलाइन क्लासमध्ये गाणी लिहायला शिकत होती. मी सुरुवातीलाच विचारलं होतं, "हे नक्की कसलं संगीत?"

"अमेरिकाना, बाबा."

"म्हणजे भावगीत?"

"नो."

"लावणी?"

"बाबा, प्लीज! इट्स लाइक फोक, कंट्री, अ लिटल ब्लूज. ट्रक्स, रिव्हर्स, हार्टब्रेक."

ट्रक मला समजत होते. (रास अल खोरच्या गोदामात माझं निम्मं आयुष्य ट्रक रिकामे करून घेण्यात गेलंय.) पण नदी? दुबईत जन्मलेल्या या पोरीनं नदी पाहिली ती पुण्याला, मामाकडे, आणि तीही नाकाला रुमाल लावून! हार्टब्रेकबद्दल मी काही विचारलं नाही. सुनीतानं, म्हणजे तिच्या आईनं, विचारलं. रेवानं हेडफोन लावले.

गेल्या सप्टेंबरात मार्थाबाई दुबईत मुलाकडे आल्या. सिलिकॉन ओएसिसमध्ये आमच्या बिल्डिंगसमोर एक छोटा कॅफे आहे. तिथे शनिवारी संध्याकाळी सहाला त्यांचा कार्यक्रम ठरला, आणि त्याआधी रेवानं तिची दोन नवीन गाणी म्हणायची. पहिल्यांदाच, लोकांसमोर! पोरगी आठवडाभर धड जेवली नाही.

बाईंना आणायची जबाबदारी मी अंगावर घेतली. त्यांचा मुलगा म्हणत होता, टॅक्सीनं पाठवतो. मी म्हटलं, "नो नो, शी इज अवर गेस्ट!" हे वाक्य त्या माणसाला पुढे फार महागात पडायचं होतं. म्हणजे त्याच्या आईला.

अकराला मी बाईंना घेऊन आलो. गिटार डिकीत ठेवताना त्या म्हणाल्या, "बी गुड टू हर, डिलप. शी इज फॉर्टी इयर्स ओल्ड." (दिलीपचं त्यांनी डिलप केलं होतं.) मी म्हटलं, "मॅडम, डोन्ट वरी." घरी सुनीतानं त्यांना पुरणपोळी वाढली. दोन खाऊन बाई सोफ्यावरच झोपल्या. (तूप फार होतं.) मला मात्र चैन पडेना. वाटलं, रेवाला स्टेजवर एक हॅट हवी, अमेरिकन, रुंद काठाची. यल्ला, चला! मी गाडी काढली आणि इंटरनॅशनल सिटीजवळच्या चिनी बाजारात गेलो.

हॅट मिळायला दोन तास लागले. पार्किंग उघड्यावर होतं. बाहेर त्रेचाळीस डिग्री. डिकीत किती होतं, ते गिटारलाच माहीत.

तीन वाजता घराखाली मी डिकी उघडली. गिटार! केस उघडली. तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी उन्हानं गोंद वितळल्यामुळे अर्धी वर आली होती. मी बोटानं नुसतं दाबून पाहिलं.

टण्ण!

पट्टी उरलेली अर्धीही सुटली. सहाही तारा वर उसळल्या आणि एक माझ्या गालाला लागून गेली.

आता शहाणा माणूस काय करेल? वर जाऊन खरं सांगेल. मी बिल्डिंगखालच्या किराणा दुकानातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब आणली.

ट्यूबवरचं लिहिलेलं अगदी खरं होतं. पाच सेकंदांत चिकटलं. पट्टी नाही, माझा अंगठा! मी लॉबीत गिटार छातीशी धरून उभा, आणि वॉचमन कौतुकानं म्हणतोय, "साब, आप भी बजाते हैं?"

मी उरलेल्या हातानं सुनीताला फोन केला. ती खाली आली, तिनं पाहिलं, आणि हसायच्या ऐवजी डोळेच मिटून घेतले.

"तुझं नेलपॉलिश काढायचं ते आण ना," मी म्हटलं.

"म्हणजे अंगठा सुटेल आणि गिटारचं पॉलिशही जाईल! अहो, नका ना आता काही सुचवू."

शेवटी तिनं गाडी चालवली आणि मी शेजारी गिटारसकट बसलो. रास अल खोरला आमच्या गोदामामागे युसुफभाईंचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. त्यांनी आधी गिटारकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे.

"दिलीपसाब, इसमें से रिपेअर किसको करना है?"

कोमट साबणाचं पाणी आणि पातळ दोरा घेऊन वीस मिनिटांत त्यांनी मला सोडवलं. नखाखालची थोडी कातडी तिथेच राहिली. मग त्यांनी माझा गोंद खरवडला, त्यांचा लावला, आणि पट्टीवर शिकंजा आवळला.

"परसों तक हाथ नहीं लगाना."

"युसुफभाई, शो आज छह बजे है!"

"तो शो परसों रखो."

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "गिटार ट्यूनिंगला दिलीय असं सांगू या का?" सुनीतानं सिग्नलला माझ्याकडे असं पाहिलं, की मी कॅफेत शिरल्या शिरल्या, आधीच येऊन थांबलेल्या बाईंना आणि रेवाला सगळं सांगून टाकलं. हॅटसकट, फक्त अंगठा सोडून.

रेवा पांढरीफटक पडली. "यू लेफ्ट इट इन द कार? इन दुबई? बाबा, यू डोन्ट इव्हन लीव्ह चॉकलेट इन द कार!"

मार्थाबाई खुर्चीवर बसल्या आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. ते बघणं मला गालावर बसलेल्या तारेपेक्षा जास्त लागलं. चाळीस वर्षं! मी सॉरी म्हणायला पुढे झालो. तेव्हा त्यांनी माझा अंगठा पाहिला. काय झालं, विचारलं. तेही सांगितलं.

आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, रडतायत. मग एकदम खो खो हसू फुटलं. "ओ डिलप! आय हॅड थ्री हजबंड्स. नोबडी एव्हर गॉट स्टक टू दॅट गिटार!"

डोळे पुसून त्या रेवाला म्हणाल्या, आज एकाच गिटारवर दोघी गाऊ, तुझ्या.

रेवा स्टेजवर गेली आणि जुळलेल्या तारा पुन्हा पुन्हा जुळवत बसली. बाईंनी माइक घेऊन आधी माझी कहाणी सांगितली आणि मला उभं केलं. चाळीस माणसं हसली. टाळ्या पडल्या. मी हात जोडले, अंगठ्याला बँडेज. आणि सगळे माझ्याकडे बघत असताना, कुणाच्या लक्षात येण्याआधीच रेवानं गाणं सुरू केलं.

ते रास अल खोरच्या ट्रकांवर होतं. पहाटे निघणारा आणि मुलगी झोपल्यावर परतणारा एक माणूस त्यात होता. मला अर्धे इंग्रजी शब्द कळले नाहीत, पण सुनीतानं माझा चांगला अंगठा घट्ट धरला. दुसऱ्या कडव्याला मार्थाबाईंनी मागून सूर मिळवला. मग मला समोरचं काही नीट दिसेना. (एसीची हवा थेट डोळ्यांवर येत होती!)

दोन दिवसांनी गिटार मिळाली. आवाज जरा घोगरा झालाय, पण माझाही झालाय, असं म्हणून बाई खूश होऊन गेल्या.

जानेवारीत त्यांचं नवीन गाणं आलं. रेवानं लिंक पाठवली. मी अभिमानानं ती सगळ्या नातेवाइकांना धाडली. गाण्यात बाई फार आर्त आवाजात म्हणतात, 'डिलप, तू माझं काळीज उन्हात टाकून निघून गेलास.'

अर्ध्या तासात पुण्याहून मेहुण्याचा फोन. दबक्या आवाजात विचारलं, "दाजी, ही बाई कोण? ताईला माहितेय?"

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. डिकी, गोंद, अंगठा. त्यानं अंगठ्याचं दोनदा विचारून घेतलं.

मग म्हणाला, "दाजी, लोकांना आपण लफडंच सांगू. त्यात जरा तरी अब्रू राहील!"